परसातल्या अंड्याला शाळेचे ताट मिळावे

दोन-अडीच एकर कोरडवाहू जमिनीच्या घरात पिकाचा पैसा हंगामाला येतो आणि देणेकऱ्यांत वाटला जातो. अंड्यांचा पैसा मात्र दर आठवडी बाजाराला येतो आणि बाईच्या हाती राहतो. माझ्या शाळेच्या वह्या आईने अंडी विकूनच आणल्या. म्हणून परसातल्या कोंबडीला कुणी किरकोळ म्हटले की मला ते पटत नाही.

गावरान कोंबडी दिवसभर शेतात, बांधावर, उकिरड्यावर किडे, गवत, सांडलेले दाणे वेचते आणि सांजेला खुराड्यात येते. वर्षाला साधारण साठ ते ऐंशी अंडी देते. मध्येच खुडूक होते, २१ दिवस अंड्यांवर बसते. गिरिराज, वनराज या सुधारित जाती शंभराच्या पुढे जातात. पिंजऱ्यातली कोंबडी तीनशेच्या आसपास अंडी देते, पण तिला पंखही पसरता येत नाहीत. प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा तोकड्या पिंजऱ्यात कोंडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. विधी आयोगाचा २०१७ चा २६९ वा अहवाल याच विषयावर आहे.

मोकळ्या कोंबडीला घार आणि मुंगूस हे शत्रू आहेतच. पण खरा काळ म्हणजे मानमोडी. एका साथीत अख्खे खुराडे रिकामे होते. लस स्वस्त आहे. अडचण अशी की एका कुपीत शंभराहून अधिक कोंबड्यांची लस असते आणि कुपी फोडली की ती लगेच वापरावी लागते. दहा कोंबड्यांची बाई एकटी ती कशी आणणार? साऱ्या वस्तीने एकच दिवस ठरवला तर हा प्रश्न सुटतो.

दुसरा प्रश्न खात्रीच्या गिऱ्हाइकाचा. तीस मुलांच्या शाळेत आठवड्याला एक अंडे, पस्तीस आठवडे धरले तर १,०५० अंडी लागतात. घरी खायला आणि पिलांसाठी ठेवूनही दोन-तीन घरांच्या मिळून तीसेक कोंबड्या एवढी अंडी पुरवू शकतात. राज्य शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात अंडे दिले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद करून लोकवर्गणीकडे बोट दाखवले. वर्गणी कुठल्या गावात जमते आणि कुठल्या नाही, हे सांगायला हवे का?

संविधानाच्या कलम ४७ ने जनतेचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. कर्तव्य वर्गणीवर चालत नाही. अंड्याचा निधी कायमचा हवा आणि खरेदी गावातल्या बायांकडूनच व्हावी. येत्या ग्रामसभेत हे दोन ठराव मांडा आणि लसीकरणाचा दिवसही तिथेच ठरवा.