सुट्टीतले संगीत नाटकाचे शिबिर : निवड कशी करावी?

वार्षिक परीक्षा संपत आली की एस. टी. स्थानकाच्या भिंतींवर आणि आता मोबाइलवरही शिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात. पोहण्याचे शिबिर, चित्रकलेचे शिबिर, आणि अधूनमधून 'दहा दिवसांत संगीत नाटक' असेही एखादे. आठवी-नववीतली मुलगी ती जाहिरात घरी दाखवते, आणि दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेच्या फाटकाशी उभे राहून विचारतात, "काय हो गुरुजी, पाठवू का पोरीला? गाते बरी, पण पैसे वाया जायला नकोत."

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात दोन गोष्टी पणाला लागलेल्या असतात. एक, घरातला कष्टाचा पैसा. आणि दुसरी, तितकीच मोलाची, वाढत्या वयातल्या मुलाचा गळा. म्हणून 'पाठवा' किंवा 'नको' असे उत्तर देण्यापूर्वी थोडा विचार केलेला बरा.

प्रथम हे पाहू की संगीत नाटक म्हणजे काय. नाटकात अधूनमधून गाणी घातली की संगीत नाटक होते, असा पुष्कळांचा समज आहे. तसे नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि १८८२ साली 'सौभद्र'. या नाटकांत पात्र बोलता बोलता गाऊ लागते, आणि पद संपताच पुन्हा बोलू लागते. जे बोलून सांगायचे तेच पदातून पुढे सरकते. साकी, दिंडी, कामदा अशा आपल्या कीर्तनातून ओळखीच्या चाली तिथे संवादाचेच काम करतात. म्हणजे नटाला तीन गोष्टी एकदम साधाव्या लागतात : सुरात राहायचे, शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचवायचा, आणि अंगाने ते पात्र व्हायचे. ज्या शिबिरात नुसती गाणी बसवून घेतात ते गाण्याचे शिबिर झाले. वाईट नव्हे, पण मग त्याला संगीत नाटकाचे म्हणू नये.

पूर्वी हे शिक्षण नाटक मंडळीत मिळे. केशवराव भोसले अगदी लहान वयात 'शारदे'ची भूमिका करू लागले. बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले तेव्हा सतरा वर्षांचे होते. मंडळीत राहायचे, जेवायचे, रोज तालीम करायची आणि रात्री विंगेत उभे राहून मोठ्यांचे ऐकायचे, असे वर्षानुवर्षे चाले. त्या जगण्यात हालही पुष्कळ होते, शाळा तर सुटतच असे. तेव्हा त्याचे नुसते गोडवे गाण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. जे त्या मुलांना कित्येक वर्षांत आले, ते दहा दिवसांत कोणी देऊ शकत नाही. 'दहा दिवसांत कलाकार घडवू' असे कोणी म्हणत असेल तर तिथूनच मागे फिरावे. दहा दिवसांत दार उघडता येते, गोडी लावता येते, आणि गळा कसा सांभाळावा हे शिकवता येते. चांगले शिबिर एवढेच कबूल करते.

आता गळ्याविषयी. मुलगे साधारण बारा ते पंधरा वर्षांचे झाले की त्यांचा आवाज फुटतो. घशातली स्वरयंत्राची पेटी वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. कालपर्यंत काळी चार-पाचमध्ये मोकळा गाणारा पोरगा आज तिथे पोचत नाही, मध्येच आवाज चिरकतो, वर्गात मुले हसतात. हा आजार नव्हे. काही महिन्यांत, कधी वर्षा-दोन वर्षांत, आवाज स्थिर होतो. मुलींचाही आवाज या वयात बदलतो, पण तो दोन-तीन स्वरांनीच, त्यामुळे सहसा लक्षात येत नाही.

या काळात गाणे अगदी बंद करावे असे नाही. मात्र जोर लावून, ओरडून, जुन्याच पट्टीत गाऊ नये. म्हणून शिबिराच्या संचालकांना पहिला प्रश्न हाच विचारावा : "मुलाची पट्टी तुम्ही कशी ठरवता?" जाणता शिक्षक सांगेल की आधी प्रत्येकाचा आवाज पेटीवर तपासतो, गरज पडली तर पद खालच्या पट्टीत घेतो, आणि ज्याचा आवाज फुटतो आहे त्याला गद्य भूमिका किंवा तालाचे काम देतो. "सगळे एकाच पट्टीत गातात, सवय होते हो," असे उत्तर आले तर मूल तिथे सोपवू नये. शिबिराहून आल्यावर घसा बसलेला असेल आणि दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही, तर हळद-दुधावर न थांबता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

दुसरा प्रश्न : शिक्षक किती आणि मुले किती? इथे साधे गणित करा. रोज तीन तास, दहा दिवस. म्हणजे एकूण अठराशे मिनिटे. शिक्षक एक आणि मुले साठ असतील, तर एकेका मुलाच्या वाट्याला साऱ्या शिबिरात अर्धा तास येतो. मुले वीस असतील तर दीड तास. दुसऱ्याचे ऐकूनही मूल शिकते, हे खरे. पण गळ्याची चूक ज्याची त्यालाच सांगावी लागते, आणि त्याला वेळ लागतो.

तिसरा प्रश्न शेवटच्या दिवशीच्या प्रयोगाचा. प्रयोग असावा, त्याशिवाय नाटक म्हणजे काय ते कळत नाही. पण बघा, प्रत्येक मुलाला काही खरे काम आहे का? की दोन गोड गळ्याची मुले पुढे आणि बाकीची मागे झाडासारखी उभी? पेटी-तबल्यावर मुले स्वतः गाणार आहेत, की ध्वनिमुद्रित गाणे लावून नुसते ओठ हलवणार आहेत? दुसऱ्या प्रकारात आईबापांना चलच्चित्र छान मिळते, मुलाला मात्र काही मिळत नाही. जमले तर आदल्या वर्षी गेलेल्या मुलाला भेटा. "प्रयोग कसा झाला?" असे न विचारता "तालमीत काय चालायचं?" असे विचारा. मुले खरे ते सांगतात.

चौथी गोष्ट पैशाची आणि सुरक्षिततेची. शुल्काचा आकडा एक असतो आणि खर्च दुसराच. पोशाख, रंगभूषा, छायाचित्रे, जाण्यायेण्याचे भाडे, राहणे-जेवणे, हे सारे आधी कागदावर लिहून मागा आणि पावती घ्या. शिबिर निवासी असेल तर मुलींची राहण्याची सोय वेगळी आहे का, रात्री तिथे जबाबदार बाई असतात का, मुलाला घरी फोन करता येतो का आणि तालीम चालू असताना पालकांना येऊ देतात का, हे विचारायला संकोचू नका. मुलांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणासाठी २०१२ साली कायदा झालेला आहे. चांगल्या संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही.

मात्र भीतीपोटी मुलीला घरीच ठेवू नये. स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनी करण्याचा काळ कधीच मागे पडला. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्नाबाई भोळे रंगमंचावर उभ्या राहिल्या, त्याला आता नव्वदांहून अधिक वर्षे झाली. मुलाला पाठवताना जे प्रश्न विचाराल तेच मुलीसाठी विचारा, आणि उत्तरे पटली तर तिलाही पाठवा.

आणि शहर लांब असेल, पैसा नसेल, तर? तर वाट संपत नाही. गावात भजनी मंडळ असते, तिथे ताल पक्का होतो. कीर्तनकारबुवा एकटेच गातात, गोष्ट सांगतात आणि चार पात्रेही उभी करतात. ते समोर बसून ऐकणे हीच एक शाळा आहे. कोकणात दशावतार आहे, गोव्यात देवळांच्या उत्सवांत गावकरी आजही नाटके करतात. शिक्षक बंधुभगिनींनो, एक पेटी, एक तबला आणि शाळेचा व्हरांडा एवढ्यावर आठ सकाळी तुम्हीही मुलांकडून एक प्रवेश बसवून घेऊ शकता. शासनाच्या राज्य नाट्य स्पर्धांत बालनाट्याचा स्वतंत्र विभाग आहे, त्याचीही चौकशी करा.

काही पालक विचारतात, "यातून पुढं पोट भरेल का?" चौदाव्या वर्षी या प्रश्नाचे उत्तर मागू नये. पुढे खरोखर ओढ राहिली, तर बारावीनंतर पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रासारख्या ठिकाणी नाट्य आणि संगीत यांचे पदवी शिक्षण आहे; दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात पदवीनंतर जाता येते. आणि ओढ राहिली नाही, तरी चारचौघांत उभे राहून स्पष्ट बोलणे आणि दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत थांबणे, या दोन सवयी शेतीत, दुकानात, कचेरीत कुठेही उपयोगी पडतात.

तेव्हा फाटकाशी उभ्या असलेल्या त्या वडिलांना सांगा : पट्टी कशी ठरवता, मुले किती, प्रयोगात काम काय, एकूण खर्च किती, रात्री जबाबदारी कोणाची, हे पाच प्रश्न विचारा. आणि सहावा प्रश्न घरी, मुलीला एकटीला : "तुला स्वतःला जायचंय का?" तिचे उत्तर 'हो' असेल, आणि बाकीच्या पाचांची उत्तरे सरळ मिळाली असतील, तर पिशवी भरायला घ्या. बरोबर पाण्याची बाटली मात्र द्या. उन्हाळ्यात गाणाऱ्याच्या गळ्याला तिची फार गरज असते.