गाठीच्या लाकडाचे धनुष्य

आरोंद्यासारख्या गावी कार्यानुभवासाठी लाकूड मिळविणे कठीण नाही. सरळ व निर्दोष लाकूड मिळणे मात्र कठीण असते. छाटणीत निघालेल्या फांदीला बहुधा गाठी असतात. अशी फांदी टाकून देण्यापूर्वी शिक्षकांनी तिची नीट परीक्षा करावी.

सावंतवाडीच्या खेळण्यांना पांगाऱ्याचे मऊ लाकूड चालते. धनुष्याला मात्र चिवट व लवचीक लाकूड हवे. सह्याद्रीतील धामण या कामी उत्तम. तिची ‘धन्वन’ व ‘धनुर्वृक्ष’ ही संस्कृत नावेच तिचा उपयोग सांगतात. सातपुड्यातील भिल्ल बांबूचे धनुष्य करतात व त्याला बांबूच्याच चिवट पट्टीची दोरी लावतात.

गाठ म्हणजे लाकडात रुतलेला उपफांदीचा बुंधा. तेरेखोलचे पाणी खडकाला वळसा घालते, तसे लाकडाचे तंतू गाठीला वळसा घालतात. धनुष्य वाकविले असता त्याची बाहेरील बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते व आतील बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते. पाठीवरचे तंतू तुटल्यास तेथूनच चीर पडते. म्हणून गाठ रंध्याने सपाट करू नये.

मालकाच्या संमतीने घेतलेल्या सुमारे 120 सेंटिमीटर लांबीच्या ताज्या फांदीच्या टोकांना मेण लावून ती काही महिने सावलीत वाळवावी. पाठीवरील साल तेवढी काढावी. तासकाम पोटाकडून करावे. गाठीभोवती लाकूड थोडे रुंद व जाड ठेवावे. गाठ कुजकी किंवा सैल असल्यास ती फांदी वर्ज्य समजावी. मधला सुमारे 10 सेंटिमीटर भाग मुठीसाठी जाड ठेवून दोन्ही बाहू टोकांकडे निमुळते करावेत. मग धनुष्य किंचित वाकवून पाहावे. जो भाग ताठ राहील तेथेच पोटाकडून कानशीने थोडे घासावे व पुन्हा पाहावे. येथे घाई केल्यास धनुष्य मोडते आणि उडालेला तुकडा डोळ्यास इजा करू शकतो.

कोयत्याचे व वाकविण्याचे काम शिक्षकांनी स्वतः करावे. मुलांनी निरीक्षण, मोजमाप व घासकाम करावे. बाणाला अणकुचीदार टोक नसावे आणि बाणावाचून ताणलेली दोरी कधीही सोडू नये. गाठ कापून न टाकता तिला जागा देऊनही लाकूड उपयोगी पडते, हे मुलांना हाताने कळले, म्हणजे या पाठाचा हेतू सफल झाला.