सहल, मेटल डिटेक्टर आणि गुप्तधन

फैजपूरहून रावेर, बऱ्हाणपूर करत पुढे गेलं की असीरगड लागतो. मार्च २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपटानंतर मोगलांच्या सोन्याची अफवा उठली आणि किल्ल्याजवळच्या शेतांत लोक रात्री टॉर्च, मेटल डिटेक्टर घेऊन खणू लागले. पिकाच्या जमिनीत खड्डे पडले.

डिटेक्टरच्या चुंबकीय क्षेत्रात धातू आला की यंत्र वाजतं. सोनं असो वा गंजका खिळा.

१८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचं गुप्तधन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय उत्खनन हा गुन्हाच. शिवाय नाणं ज्या थरात सापडतं, तो थरच त्याचा काळ सांगतो. उकरलं की तो पुरावा गेला.

यंत्र स्वतःच्याच शेतात हरवलेलं कानातलं शोधायला वापरा. किल्ला मुलांना डोळे भरून दाखवा.