मासा वयात येतो तेव्हा

दादर, परळ, लालबागच्या बाजारात मासा पारखायची रीत ठरलेली आहे. कल्ले लाल हवेत, डोळा स्वच्छ हवा, आणि रावस घ्यायचा तर मोठा, म्हणजे तुकडी रुंद पडते. सरकारही आकारच बघतं, फक्त उलट बाजूने: महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान आकार ठरवून दिला. पिल्लू सोडा, मोठा खुशाल धरा, असा त्याचा सरळ अर्थ. नियम हवाच होता. पण मासा वयात येतो तो संप्रेरकांच्या हिशेबाने, आणि तो हिशेब मांडला की हा नियम अर्ध्यावरच थांबलेला दिसतो.

या बाबतीत सर्वांत बारकाईने तपासलेला मासा म्हणजे उत्तर अटलांटिकचा सॅल्मन. त्याचं पिल्लू नदीत जन्मतं, अंगावर बोटांचे ठसे उमटल्यासारखे गडद पट्टे घेऊन प्रवाहाकडे तोंड करून एकाच जागी तळ ठोकतं, शेजाऱ्याला फिरकू देत नाही. वसंतात दिवस लांबू लागला की वृद्धी संप्रेरक, कॉर्टिसॉल आणि थायरॉक्सिन वाढतात, प्रोलॅक्टिन उतरतं. आजवर पाण्यातून क्षार ओढून घेणारे कल्ले आता क्षार बाहेर टाकायची तयारी करतात. खवल्यांत ग्वानिन साचून पिल्लू चंदेरी होतं; साठवलेलं ग्लायकोजेन आणि चरबी खर्ची पडून अंग बारीक होतं, लांबी मात्र वाढत राहते. समुद्राचा थेंब चाखण्याआधीच हे सगळं उरकतं, आणि वाट अडून मुदत टळली तर ही तयारी उलटी फिरते. त्याच नदीतले काही नर तर समुद्राला जातच नाहीत. चरबीचा साठा पुरेसा झाला की ते वीतभर असतानाच वयात येतात आणि परतलेल्या मोठ्या माद्यांची अंडी चोरून फळवतात. फूटपट्टी त्यांना पिल्लूच म्हणेल.

यावर कोणी म्हणेल, थंड नद्यांचा मासा आणि गिरगावातलं ताट यांचा संबंध काय? बाजारात इंडियन सॅल्मन म्हणून विकला जाणारा रावस वेगळ्याच कुळातला. नॉर्वेतल्या बर्गनमध्ये दिवस हिवाळ्यात सहा तासांचा आणि उन्हाळ्यात एकोणीसचा. मुंबईत फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. आपल्याकडे दिवसापेक्षा पावसाचं आणि खाडीच्या खारेपणाचं वजन जास्त पडणार, हे कबूल. पण मेंदू, पियुषिका आणि प्रजननग्रंथी ही साखळी दोन्हीकडे तीच, आणि रावस व रायगडच्या खाजणांतला जिताडा यांनी तिच्यात आणखी एक वळण घातलं आहे. हे मासे आधी नर म्हणून वयात येतात आणि पुढे मादी होतात. ॲरोमाटेज नावाचं विकर नराच्या संप्रेरकापासून इस्ट्रोजेन घडवतं, आणि जिथे शुक्राणू तयार होत होते तिथे अंडी भरू लागतात. ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांत जिताड्याचा हा बदल साधारण सहा ते आठ वर्षांच्या वयात दिसतो. म्हणजे पाटीवरचा सर्वांत मोठा, सर्वांत महाग नग बहुधा मादी असतो. किमान आकार नरांची पुढची फळी राखतो. कोट्यवधी अंडी घालू शकणाऱ्या या माद्यांना त्याचा काही उपयोग नाही.

1 जून ते 31 जुलैची मासेमारी बंदी आहे की, असंही म्हटलं जाईल. बंदीत वाचलेली मादी ऑक्टोबरात जाळ्यात आली तर पुढच्या सगळ्या पावसाळ्यांची अंडी तिच्याबरोबर जातात. क्वीन्सलँडमध्ये पूर्व किनाऱ्यावर जिताड्याला 58 सेंटीमीटरची खालची आणि 120 सेंटीमीटरची वरचीही मर्यादा आहे. तोच कायदा इथे जसाच्या तसा आणणं मला पटत नाही. जाळ्यात गुदमरलेला मासा परत पाण्यात टाकून कोळ्याचं नुकसान होतं, माशाचा फायदा शून्य. त्यापेक्षा जाळ्याच्या आसाला वरची मर्यादा घालावी. मोठी मादी मग अडकणारच कमी. राहिला बीज केंद्रांचा युक्तिवाद, की पिल्लं तिथेच तयार करता येतील. चेन्नईच्या निमखारे पाणी जलसंवर्धन संस्थेने 1997 मध्ये जिताड्याची पैदास बंदिस्त पाण्यात करून दाखवली, हे मोठंच काम. तिथे अंडी सोडायला लावण्यासाठी संप्रेरकाची सुई देतात. पण ती सुई लागू पडते अंडाशय भरत आलेल्या मादीवरच.