तांब्याच्या पत्र्याची घडी

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे कोशाच्या विणकामासाठी ओळखले जाते, तर भंडारा शहराचा जुना लौकिक पितळी भांड्यांचा. घरोघरी स्टेनलेस स्टील आल्यापासून या दुसऱ्या व्यवसायाला ओहोटी लागली. भांडे घडविणाऱ्या हाताला दुसरे कोणते काम देता येईल? कोशाच्या सोनेरी वस्त्रावर शोभेल असा पातळ तांब्याचा दागिना हे त्याचे एक उत्तर होऊ शकते. त्यासाठी भांडवल थोडे लागते. धातूचा स्वभाव मात्र नीट जाणून घ्यावा लागतो.

तांब्यावर थंड स्थितीत हातोडा पडू लागला की ते कठीण होत जाते. आणखी ठोकल्यास त्याला चीर पडते. असा पत्रा मंद लाली येईपर्यंत तापविला की त्यातील कणांची रचना नव्याने बसते आणि तो पुन्हा मऊ होतो. तांबे वितळते १०८५ अंश सेल्सिअसला. एवढ्या उष्णतेची येथे मुळीच गरज नसते. पोलाद लाल करून पाण्यात बुडविले तर कठीण होते. तांब्याचे तसे नाही, ते बुडविले तरी मऊच राहते. लोहारकाम पाहिलेल्या मनुष्याला हे चटकन पटत नाही. पुण्याच्या तांबट आळीतील माठारकामात भांड्यावर उठणारे चमकदार ठोके केवळ शोभेचे नसतात, त्यांनी पत्र्याला ताठरपणाही येतो.

याच गुणावर ‘फोल्ड फॉर्मिंग’ ही घडीकामाची पद्धत आधारलेली आहे. चार्ल्स ल्यूटन-ब्रेन या सुवर्णकाराने १९८०च्या दशकात ती शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. सुमारे ०.३ ते ०.५ मिलिमीटर जाडीचा पत्रा प्रथम तापवून मऊ करावा, दुमडावा आणि लाकडी मोगरीने घडी बसवावी. नंतर ऐरणीवर केवळ घडीच्या कडेवर लोखंडी हातोड्याचे ठोके द्यावेत. ती कड पातळ होऊन लांबते, मोकळ्या कडा मात्र तेवढ्याच राहतात. त्यामुळे तुकडा आपोआप कोयरीसारखा वळतो. पुन्हा तापवून बोथट सुरीने घडी उघडली की मधोमध शीर असलेले पान हाती येते. कागदाची घडी कितीही दाबली तरी कागद लांबत नाही. धातू लांबतो, आणि या कामाची सारी गंमत तेथेच आहे.

कर्णफुलांच्या जोडीसारखे दोन सारखे आकार हवे असतील तर दाबयंत्र सोयीचे पडते. जाड पोलादी पट्टीत हव्या त्या आकाराचे छिद्र कापून त्यावर मऊ पत्रा ठेवतात, वर रबराची गादी ठेवून जॅकने दाब देतात. पत्रा छिद्रात फुगतो, कडा सपाट राहतात. पातळ पत्र्याला ठशाने फुगीर आकार देऊन आत लाख भरण्याची आपल्या सोनारांची रीत याच्याच जवळची आहे. दाब देताना मात्र पट्टीच्या समोर उभे राहू नये. ती तडकली तर तुकडा उडतो.

प्रशिक्षण वर्ग भरविताना मागणीपत्रात पहिले नाव बहुधा यंत्राचे असते, हे प्रस्तुत लेखकाने अनेकदा पाहिले आहे. वास्तविक ते अखेरीस यावे. मऊ पत्रा आणि कठीण पत्रा बोटांना ओळखता आला नाही तर यंत्रातूनही चिरलेलेच पान बाहेर पडेल, आणि नवशिका स्वतःलाच दोष देऊन काम सोडील.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी स्थानिक कारागिरांसमवेत दहा दप्तरविरहित दिवस सुचविले आहेत. शिक्षकांनी त्यांपैकी एक दिवस तांब्याच्या तारेला द्यावा. तीच तार दहा वेळा वाकवून मुलांच्या हाती दिली की कठीण होणे म्हणजे काय हे फळ्याविना समजते. तापविण्याचे काम कारागिराने, खेळत्या हवेत करावे. काळा थर काढण्यास मुलांपुढे चिंच पुरेशी आहे. कार्यशाळेत सौम्य गंधकाम्ल वापरतात. तेथे आम्ल पाण्यात घालावे, पाणी आम्लात कधीही घालू नये.

घामाने तांब्याचा हिरवा डाग कातडीवर उमटतो. दागिन्याच्या मागील बाजूस मेणाचा हात द्यावा, आणि कानात जाणारी तार चांदीची ठेवावी.