लॅव्हेंडरचे तेल : किती थेंब, कुठे आणि कुणासाठी?

जुम्याला अत्तराची कुपी बाहेर निघते, ईदला पाहुण्यांच्या मनगटाला अत्तर लागते. सुगंध आपल्या घरांत नवा नाही. त्या कुप्यांच्या शेजारी आता ‘लॅव्हेंडर एसेन्शियल ऑइल’ लिहिलेली तपकिरी बाटली येऊन बसली आहे. कुणी ती झोपेसाठी आणते, कुणी डोकेदुखीसाठी. पण हे तेल अत्तरासारखे थेट अंगाला लावायचे नसते, हे दुकानदार क्वचितच सांगतो.

युनानी दवाखान्यात जाणाऱ्यांना ‘उस्तुखुद्दूस’ हे नाव ठाऊक असेल. जुन्या सर्दीवर, डोकेदुखीवर हकीम ‘इत्रीफल उस्तुखुद्दूस’ देतात. या वनस्पतीला त्यांनी ‘जारूब-ए-दिमाग’, म्हणजे मेंदूचा झाडू, असे नावच दिले आहे. ती लॅव्हेंडरचीच बहीण, पण बाटलीतले तेल सहसा तिचे नसते. ते ‘लॅव्हेंड्युला अँगस्टिफोलिया’ या जातीचे असते. उस्तुखुद्दूसच्या तेलात कापराचा अंश बराच असतो आणि कापूर लहान मुलांच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात. म्हणून लेबलावरचे पूर्ण नाव वाचावे आणि एकीचा नुस्खा दुसरीला लावू नये.

आपल्याकडे हे तेल जम्मूच्या डोडा जिल्ह्यातल्या भदरवाहहून येते. मका घेणारे तिथले अनेक शेतकरी लॅव्हेंडरकडे वळले आणि मे 2022 मध्ये तिथे पहिला लॅव्हेंडर महोत्सवही भरला. फुले भट्टीत भरून त्यांतून वाफ सोडतात; वाफ थंड झाली की पाण्यावर तेल तरंगते. शंभर किलो ताज्या फुलांतून जेमतेम किलोभर तेल हाती येते. भाव लिटरला दहा हजारांच्या आसपास धरला, तरी 10 मिलीतले नुसते तेलच शंभर रुपयांचे झाले. मग साठ रुपयांच्या बाटलीत काय असेल, याचा हिशेब घरच्या घरी होतो. अल्कोहोलबद्दल बऱ्याच भगिनींच्या मनात शंका असते. वाफेने काढलेल्या शुद्ध तेलात ते घालावे लागत नाही. ‘लॅव्हेंडर स्प्रे’ किंवा परफ्यूममध्ये मात्र असू शकते, तेव्हा घटकांची यादी पाहावी.

आता गुणाचे. युरोपच्या औषध नियामक संस्थेने सौम्य मानसिक ताण आणि झोपेसाठी या तेलाचा पारंपरिक वापर मान्य केला आहे. जर्मनीत याच तेलाची 80 मिलिग्रॅमची कॅप्सूल मिळते. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत चिंतेच्या विकारावर ती लोराझेपाम या गोळीच्या बरोबरीने उतरली. पण ती औषध म्हणून मोजून बनवलेली कॅप्सूल होती. आपल्या बाटलीतले थेंब चहात किंवा मधात घालून घेणे म्हणजे ते नव्हे. घरी वास घ्यावा, एवढेच पुरे. इशानंतर रुमालावर दोन थेंब टाकून तो उशाजवळ ठेवावा. मान-खांदे चोळायचे असतील तर दोन छोटे चमचे खोबरेल किंवा बदाम तेलात चार थेंब. आधी कोपराच्या आत थोडे लावून दिवसभर थांबावे. महिनोन्‌महिने झोप उडाली असेल, मन उदास असेल, तर रुमालावर भागवू नये, डॉक्टरांना दाखवावे.

भाजल्यावर हे तेल लावा, असा सल्ला फार फिरतो. त्याचे मूळ फ्रेंच रसायनतज्ज्ञ रेने-मॉरिस गात्फोसे यांच्या गोष्टीत आहे. 1910 मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्यांचे हात भाजले. त्यांनी चटकन लॅव्हेंडरच्या पिंपात हात बुडवला, असे सांगतात. खुद्द त्यांनी लिहिले ते निराळेच : आग त्यांनी हिरवळीवर लोळून विझवली आणि तेल वापरले ते पुढे जखम सडू लागल्यावर. तव्याचा चटका बसला तर वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली हात धरावा. तेल, टूथपेस्ट, हळद काही नको.

लहान मुले असलेल्या घरात ही बाटली ड्रेसिंग टेबलवर नसावीच. गोड वासाला भुलून मूल घोट घेते. एवढ्याशा पोटाला थोडेसे तेलही जड पडते. तसे झाले तर मुलाला उलटी करायला लावू नका, तेल फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. बाटली सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा. तान्ह्या बाळांना आणि दमेकऱ्यांना हा वासही सोसत नाही. गरोदर बाईने आपल्या डॉक्टरांना विचारूनच वापरावे.

उघड्या बाटलीत हवा शिरली की तेलातला लिनालूल हा घटक बदलत जातो आणि जुने तेल कातडीला खाज आणते. बाटली उघडाल त्या दिवशीची तारीख तिच्यावर पेनाने लिहून ठेवा, झाकण घट्ट लावा आणि ती अंधाऱ्या कपाटात, मुलांच्या हाताच्या वर ठेवा.