यंत्र एक, स्पर्धक तीन

सोमाटणे फाट्यापासून तळेगावची एमआयडीसी काही किलोमीटरवर. २०२२ साली वेदांत-फॉक्सकॉनच्या चिप कारखान्यासाठी तिथल्या हजारभर एकर जागेची चर्चा होती. सप्टेंबरात करार झाला तो गुजरातशी, १.५४ लाख कोटींचा. इकडे महाराष्ट्रात राजकारण पेटलं. पण पुढच्याच जुलैत फॉक्सकॉनने अंग काढून घेतलं. जागा मिळत होती, पैशांचे आकडे होते. २८ नॅनोमीटरचं तंत्रज्ञान देणारा भागीदार मात्र काही केल्या पक्का होईना.

असं आहे तरी काय या तंत्रज्ञानात? सर्वांत पुढारलेल्या कारखान्यात डोकावलं तर मती गुंग होते. माणसाचा केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड. तिथे चिपवर नक्षी उमटवणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी अवघी १३.५ नॅनोमीटर. तो मिळवायला वितळलेल्या कथिलाचे थेंब सेकंदाला ५०,००० या वेगाने सोडतात. प्रत्येक थेंबावर लेसरचे दोन तडाखे: पहिल्याने थेंब चपटा होतो, दुसऱ्याने त्याचा प्लाझ्मा, सूर्याच्या पृष्ठभागाच्या जवळपास चाळीसपट तप्त! हा प्रकाश हवा शोषून घेते, काचही शोषते. म्हणून सगळा खेळ निर्वात पोकळीत, आणि भिंगांऐवजी आरसे.

हे यंत्र जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्सची एएसएमएल. तिच्यात २०१२ साली इंटेल, टीएसएमसी आणि सॅमसंग या चिप बनवणाऱ्या तिन्ही प्रतिस्पर्ध्यांनी पैसा घातला. इंटेलचा वाटा सर्वांत मोठा, १५ टक्के. टीएसएमसीचा ५, सॅमसंगचा ३. आणि झालं काय? या प्रकाशाने सॅमसंगचं उत्पादन २०१८ मध्ये सुरू झालं, टीएसएमसीचं २०१९ मध्ये. इंटेलला २०२३ उजाडलं. तोवर स्वतःचे कारखाने २००९ मध्येच वेगळे काढलेली एएमडी टीएसएमसीकडून चिप बनवून घेऊन इंटेलची गिऱ्हाइकं ओढू लागली होती.

यंत्र तेच, मग फरक कुठे पडतो? लोणावळ्यात गूळ-शेंगदाणे सगळ्यांचे सारखेच. चिक्की जमते ती पाकावर. चिपचा पाक हजाराच्या घरातल्या टप्प्यांचा. सिलिकॉनची तबकडी आत गेली की तयार होऊन बाहेर यायला तीनेक महिने. मध्येच कुठे तापमान, रसायन किंवा वेळ जराशी हुकली, धुळीचा कण बसला, की तबकडीवरच्या शेकडो चिपांतल्या कित्येक वाया. शंभरातल्या धड किती निघाल्या, हे प्रमाण म्हणजे ‘यील्ड’. नफा आणि बाजारातला हिस्सा त्यावरच ठरतो. ते वाढवण्याची हातोटी वर्षानुवर्षांच्या चुका निस्तरून येते. यंत्राच्या खोक्यात ती मिळत नाही.

२८ नॅनोमीटरच्या चिपला कथिलाच्या थेंबांचं हे यंत्र लागत नाही, पण पाकाचा नियम तोच. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटांच्या गुजरातमधल्या धोलेरा चिप प्रकल्पाला केंद्राची मंजुरी मिळाली, तेव्हा तंत्रज्ञान देणारी तैवानची पीएसएमसी सोबत होती. उद्या तळेगावात पुन्हा चिप कारखान्याचं नाव निघालं, तर किती एकर आणि किती कोटी हे नंतर विचारावं. पहिला प्रश्न हा, की शिकवणार कोण?